माफीचा आग्रह नेमका कुणासाठी?

माघी गणपतीच्या उत्सवात संगमेश्वरात एक व्याख्यान झालं. विषय होता ‘स्वतःला बदला, आयुष्य बदलेल’. वक्ते बाहेरून आलेले, बोलणं ओघवतं, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. एका चिठ्ठीत एवढंच होतं: ‘लहानपणी घरातल्याच माणसानं माझ्याशी वाईट कृत्य केलं. ते मनातून जात नाही. काय करू?’ खाली नाव नव्हतं. वक्त्यांनी ती वाचली, जरा थांबले आणि म्हणाले, “ताई, झालं गेलं गंगेला मिळालं. त्या माणसाला मनापासून माफ करा. बघा, तुम्हीच मोकळ्या व्हाल. बदल आपल्यापासून सुरू होतो.” टाळ्या पडल्या, आणि चांगल्या जोरात पडल्या.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि टाळ्यांनी ते आणखी घातक केलं. चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती तिथंच कुठल्यातरी खुर्चीत बसलेली होती. शेजारपाजारचे, ओळखीचे, कदाचित घरचेसुद्धा ‘माफ करून टाक’ला टाळ्या वाजवताहेत हे तिनं ऐकलं. पुन्हा कधी ती तोंड उघडेल असं मला वाटत नाही. मी याच तालुक्यातल्या शाळांत शिकवून निवृत्त झाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे विद्यार्थी होते, म्हणून हे लिहिणं मला टाळता येत नाही.

पहिली गोष्ट, ती ‘ताई’च कशावरून? चिठ्ठीत तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यं, १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे होते ५२.९४ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. मुलग्याचं काय बिघडतं, असं म्हणणारी माणसं आपल्या वाडीवाडीत आहेत. कायदासुद्धा फार काळ तसाच होता. २०१२ पर्यंत मुलग्यावरच्या अत्याचाराला दंड संहितेचं कलम ३७७ सोडलं तर नीट नावच नव्हतं. ती चिठ्ठी एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थांची असेल, तर ‘ताई’ या हाकेनं त्यांच्यासाठी उरलीसुरली वाटही बंद केली.

आता ‘झालं गेलं’. ज्यानं बाजारपेठेत शास्त्री आणि सोनवी या नद्यांचं पाणी चढताना बघितलं आहे, त्या संगमेश्वरकरानं तरी हे वाक्य जपून वापरावं. नदीत टाकलेलं सगळंच खाडीला जात नाही. पाणी फुगलं की तेच दुकानात येतं.

माझ्या ओळखीची एक बाई आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. वय चाळिशीच्या पुढे, मुंबईकडे नोकरी, नवरा समजूतदार, मुलगी कॉलेजात. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत ती गावी यायची. सगळी पोरं माजघरात ओळीनं झोपायची, आणि घरातला एक वडीलधारा माणूस दिवा मालवल्यावर त्या ओळीत यायचा. पुढचं मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. आजचं मात्र लिहिते. पाठीमागून हाक न मारता कुणी जवळ आलं तर तिच्या हातातलं भांडं पडतं. तिची दाढ किडली तेव्हा ती महिनोन् महिने लवंग धरून बसली, कारण दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं व्हायचं, तोंड उघडायचं आणि वर एक पुरुष वाकलेला, हे तिला सोसणारं नव्हतं. शेवटी तिनं बाई डॉक्टर शोधली, नवऱ्याला दारात उभं केलं आणि खुर्ची अर्धीच मागे करायची विनंती केली. ते काम झालं त्या दिवशी तिनं मला फोन केला. इतकी आनंदलेली मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

व्याख्यानातल्या ‘बदला’बद्दल बोलायचं तर तो असा दिसतो. ती बदलली, आणि आपणहून बदलली. कितीतरी वर्षं गप्प राहून एक दिवस नवऱ्याला सांगितलं. समुपदेशकाकडे गेली, मधेच सोडलं, पुन्हा गेली. ‘माझंच काहीतरी चुकलं असणार’ हे वाक्य मनातून काढायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. आठ वर्षांच्या पोरीचं काय चुकणार? पण लहान मूल असंच समजतं, कारण घरातला मोठा माणूस वाईट आहे यापेक्षा मी वाईट आहे हे मानणं त्याला सोपं जातं. त्याला त्याच घरात जेवायचं असतं, झोपायचं असतं. या सगळ्या प्रवासात माफी कुठंच आली नाही. ती तिला आवश्यक वाटली नाही. काहींना वाटते, तीही खरी. कुणाला नामस्मरणानं शांत झोप लागत असेल तर त्यावर बोट ठेवणारी मी कोण? माझा आक्षेप माफीला नाही. तिऱ्हाइतानं ती मागण्याला आहे, आणि बरं होण्याची अट म्हणून ती पुढे करण्याला आहे. आणि मुळात ज्यानं कधी मागितलीच नाही, त्याला माफी द्यायची कशी? आजवर त्या माणसानं तिच्याकडे नजर वर करून ‘चुकलं’ एवढंही म्हटलेलं नाही.

तर मागच्या गणपतीला ती गावच्या घरी आली आणि भावकीतल्या मोठ्यांसमोर तिनं दोन गोष्टी मागितल्या. आरतीला त्या माणसाला पुढे उभं करू नका. आणि घरातली लहान मुलं त्याच्या खोलीत किंवा ओटीवर त्याच्या शेजारी झोपवू नका. बाकी काही मागितलं नाही. पैसा नाही, पोलीस नाहीत, गावात वाच्यता नाही.

उत्तरं ठरलेली आली. व्याख्यानात ऐकली तीच, फक्त घरातली. “अगो बाय, आता कशाला तो विषय?” “ते बदललेत आता, देवधर्माला लागलेत, दरवर्षी गाणगापूरला जातात.” “या वयात त्यांना दुखवून काय मिळणार तुला?” “तू एवढी शिकलेली, तूच मन मोठं कर.” सोसायला तिलाच सांगितलं, आणि मन मोठं करायलाही तिलाच.

‘ते बदललेत’ यावर थोडं थांबायला हवं, कारण माणूस बदलू शकतो यावर माझाही विश्वास आहे. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईनं तो ठेवला नाही तर कुणी ठेवायचा? पण बदल झाला हे कशावरून ओळखलं? गुडघे दुखायला लागणं हा बदल नव्हे. वय झाल्यामुळे गुन्हा करता येईनासा होणं हाही नव्हे, आणि तसं होतंच असंही नाही. खरंच बदललेला माणूस आधी केलेलं कबूल करतो, कुणी न सांगता लहान मुलांपासून दूर राहतो, आरतीला पुढे बोलावलं तरी मागे सरतो, आणि कायद्यानं जाब विचारला तर उभा राहतो. यातलं एकही लक्षण नसताना गाणगापूरच्या फेऱ्या मोजून कुणाला बदललेला ठरवायचं असेल, तर तो निर्णय आपल्या सोयीसाठी आहे. त्याला बाजूला सारलं की आपल्याला काही करावं लागतं. तिला समजावलं की काहीच करावं लागत नाही. माफीचा आग्रह मला यासाठीच दिसतो: समजावणाऱ्यांना रात्री झोप लागावी म्हणून.

‘घरातली गोष्ट घरात राहू दे’ हे तर फार जुनं आहे. १८९० साली बंगालात फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याच्या शरीरसंबंधात मेली. त्या प्रकरणानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचं संमतिवय दहावरून बारा झालं. दहावरून फक्त बारा! त्याला विरोध करणाऱ्यांत आपल्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक आघाडीवर होते. परकीय सरकारनं आमच्या घरात आणि धर्मात कायद्यानं हात घालू नये, सुधारणा समाजानं आतून कराव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. लोकमान्यांबद्दलचा माझा आदर कुणाहून कमी नाही, आणि तरीही या प्रश्नात ते चुकले असं मी म्हणते. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला. सरकार आपलं आहे, कायदा आपला आहे, आणि वाक्य अजून तेच आहे. आतून सुधारणा करणारी माणसं मात्र भावकीच्या बैठकीत सापडत नाहीत.

कसबा संगमेश्वरातल्या माणसांना तर आणखी एक विचारावंसं वाटतं. १ फेब्रुवारी १६८९ ला छत्रपती संभाजी महाराज इथं पकडले गेले. फितुरी नेमकी कुणाची, यावर इतिहासकारांत वाद आहेत. पण जवळच्या नातलगानंच घात केला, हे आपण पिढ्यान्पिढ्या पोरांना सांगत आलो आणि त्यावर आपला पटकन विश्वास बसतो. राजाचा घात आप्त करतो हे पटतं. मग आठ वर्षांच्या पोरीचा घात आप्त करतो हे का पटत नाही? देशाच्या गुन्हे नोंदीत वर्षानुवर्षं एकच चित्र आहे: मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. घरचे, शेजारचे, शिकवणीचे, गाडीवाले.

मग येतो कोर्टकचेरीचा बागुलबुवा. गंमत अशी की तिच्यासारख्यांना कायद्याचा दरवाजा जवळजवळ बंदच आहे, हे समजावणाऱ्यांना माहीतही नसतं. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याखालच्या गुन्ह्याची तक्रार मोठेपणी केली तरी चालते, त्याला मुदत नाही, हे केंद्रानं २०१८ साली स्पष्ट केलं. पण २०१२ च्या आधीच्या कृत्यांना जुनी भारतीय दंड संहिता लागते. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला त्यातही मुदत नाही. विनयभंगाला मात्र तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, आणि तेवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टानं तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते. आठ वर्षांच्या मुलीनं अकराव्या वर्षापर्यंत पोलिसांत जायला हवं होतं, असा त्याचा अर्थ. म्हणून ती कोर्टात जाणार नव्हतीच. तिला हवा होता तो न्याय भावकीच्या हातात होता आणि फुकट होता.

आज एखादं मूल सांगेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि ती प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवी. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या बाई अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनंच करायची. विशेष न्यायालयात वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जायचे, आणि आरोपी मुलाच्या समोर येता कामा नये. खटला शक्यतो वर्षात संपवायचा असंही कायदा म्हणतो. तसं क्वचितच होतं, आणि हातखंब्यावरून रत्नागिरीच्या फेऱ्या मारून थकलेल्या आईबापांचा राग मला समजतो. पण ‘पोरीला चारचौघांत उभं करतील’ ही भीती पुरती खरी नाही.

आणि कायदा आणखी एक सांगतो, तो या भावकीला लागू आहे. असा गुन्हा घडल्याचं माहीत असणाऱ्यानंच नव्हे, तर तो घडेल अशी धास्ती असणाऱ्यानंही कळवायचं आहे, असं पॉक्सोचं कलम १९ म्हणतं.

काही जण माझ्यावर उलट बाजूनं चिडतील. म्हणतील, बाई, एवढं काय समजावत बसता, असल्यांना चौकात फाशी द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले. तक्रार नोंदवायला पोरीच्या आईबापांना तासन् तास बसवून ठेवलं होतं, तो राग रास्त होता. महिनाभरानं, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि बऱ्याच ठिकाणी पेढे वाटले गेले. मला त्या पेढ्यांची भीती वाटते. परका माणूस असला की फाशी, आणि घरातला असला की माफी, हे एकाच तोंडातून निघतं. मूल दोन्ही ऐकतं. ‘मी बोललो तर काकाला फासावर देतील, आजी रडेल, बाबा बोलायचे बंद होतील’ असा हिशेब लहान डोक्यात पक्का होतो, आणि ते गप्प बसतं. जितकी फाशीची आरोळी मोठी, तितकी घरातली तोंडं घट्ट मिटतात, असं माझं मत आहे.

‘लहानपणचं इतकं नेमकं आठवतं कसं, खोटंच असेल’ असंही एकानं बैठकीत म्हटलं. विश्वास कुणावर ठेवायचा याची एक मोठी कसोटी आपल्या मुंबईत झाली आहे. कुलाब्याच्या अँकरेज आश्रमात दोन ब्रिटिशांनी रस्त्यावरच्या मुलांवर अत्याचार केल्याचं २००१ साली बाहेर आलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं त्यांना शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयानं सोडलं, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा पुन्हा कायम केली. या लढ्याला दहा वर्षं लागली. घर नाही, आईबाप नाहीत, मागे कुणी नाही, अशा पोरांचा शब्द शेवटी टिकला, कारण काही मोठी माणसं एवढी वर्षं त्यांच्या बाजूनं उभी राहिली. आपल्या बाईच्या बाजूनं तर नवरा आहे, पगार आहे, पदवी आहे. तरी अख्ख्या भावकीत तिच्या शब्दाला एकही माणूस मिळाला नाही.

मिळायला हवा होता, आणि उभं राहणं काही मोठं अवघड काम नाही. कुणी सांगितलं तर ‘तुझं म्हणणं खरं मानते, तुझं काही चुकलेलं नाही’ एवढं बोलावं. ‘तेव्हाच का नाही बोललीस’ हे विचारू नये. ऐकलेलं चुलीपाशी, देवळाच्या पायरीवर कुणाला सांगू नये. पुढे काय करायचं ते तिला किंवा त्याला ठरवू द्यावं. अपवाद एकच, आज कुठलं मूल त्या माणसाच्या हाताशी असेल तर. मुलांसाठी १०९८ आहे. मोठ्यांना मनाचं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. गुन्हा नोंदवला असेल तर ‘मनोधैर्य’ योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मदत मिळते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे रत्नागिरीत मोठं मनोरुग्णालय असूनही आपल्या गळी उतरत नाही. या मातीत हे जमणार नाही असं मात्र म्हणू नका. तरुणपणी वैधव्य आलेल्या, परिचारिका झालेल्या इंदिराबाई ऊर्फ मावशी हळब्यांनी १९५४ साली देवरुखात मातृमंदिर उभं केलं आणि ज्यांना जग टाकतं त्यांना पदराखाली घेतलं. लोक काय म्हणतील याची वाट मावशींनी बघितली असती, तर तालुक्यातल्या कितीतरी माणसांना घर मिळालं नसतं.

माझ्या ओळखीच्या त्या बाईच्या गावच्या घरात आज दोन मुलं आहेत, एक पहिलीत आणि एक चौथीत. मी तिला फोन करून विचारलं, मुलांच्या आईला सांगू का? ती म्हणाली, “सांगा, आणि माझं नाव घेऊन सांगा.” मी गेले. त्यांच्या आईनं सगळं ऐकलं. संध्याकाळी मुलांची अंथरुणं तिनं स्वतःच्या खोलीत आणली, मुलांना जवळ बसवून काय काय विचारायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, आणि काही संशयास्पद कळलं तर तालुक्याला कुणाकडे जायचं ते तिनं माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. मग तिनं मला एक प्रश्न विचारला, तो मी त्या बैठकीतल्या प्रत्येकाकडे, व्याख्यात्यांकडे आणि टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांकडे पाठवते आहे: “या घरात लग्न होऊन येऊन मला बारा वर्षं झाली, बाई. सगळ्यांना ठाऊक होतं, तर मला कुणीच कसं सांगितलं नाही?”